सावडीतली केबल

इनामगाव,
१२ जानेवारी

पोपट,

जयभीम. वर सगळं खुशाल लिवायची रीत हाय, पर खुशाल काय बी न्हाई आन् मला खोटं लिवता येत न्हाई. काल दुपारी संघर्षला पोलिसांनी उचलला.

अक्कानं फोन का केला न्हाई म्हणशील. फोन त्येंनी नेले, माझा बी आन् पोराचा बी. तपासाला पायजेत म्हणं. माझ्या फोनात काय तपासत्यात? तू रोज सकाळी धाडतोस ती फुलं आन् गुडमॉर्निंग! दुसऱ्याचा मागावा तर माणूस आधी खिशावर हात ठिवतो. म्हणून हे पत्र. मच्छिंद्र रोज टेम्पोतनं तरकारी घेऊन यवतला येतो, त्येच्या हाती देते. उत्तर त्येच्याच हाती दे. जन्मभर दौंडच्या मेलगाडीत लोकांची टपालं लावलीस, आता भणीचं एवढं सांभाळ.

काय झालं ते नीट सांगते. पंचायत समितीची आपल्या गणातली जागा औंदा आपल्या समाजाच्या बाईला सुटली. सत्यजीतदादांनी काय केलं, बंगल्यावरल्या ड्रायव्हरच्या बायकोचा अर्ज भरला आन् सगळ्या गावांत सांगितलं, बिनविरोध काढायचं. ती बिचारी मान खाली घालून सही करणार, कारभार दादा करणार. मागल्या साली त्येंच्या वाळूच्या गाड्यांनी आपल्या वस्तीची पाण्याची लाईन दोनदा फोडली. मी बोलायला गेले तर हसून म्हणले, "ताईबाई, आधी निवडून या, मग बोला." म्हणलं बरं, येते. भरला अर्ज.

छाननीत अर्ज पास झाला आन् दुसऱ्याच दिशी जीप दारात. संघर्ष कंपनीतली शिफ्ट करून नुकता जेवायला बसला व्हता. हातातला घास ताटात ठिवून नेला रे माझा पोरगा. का? तर म्हणं त्येनं नदीवरल्या मोटारीची केबल चोरली. आमच्या शेडमागं जळकी तांब्याची तार बी सापडली. त्येंनीच आणली, त्येंनाच सापडली.

आन् फिर्याद कुणाची ठावं हाय? मारुतराव आप्पांची. आपल्या धुरपदाचे मालक! धुरपदा आन् मी पंधरा-वीस बायकांच्या एकाच सावडीत. आज हिच्या रानात, उद्या तिच्या, मजुरी न्हाई, कामाची फेड कामानं. तीन दिस झाले, सगळ्याजणींनी मिळून धुरपदाचा कांदा लावून दिला. आज माझी पाळी. रोपं उपटून, ओल्या गोणपाटाखाली ठिवून मी बांधावर बसले. उन्हं वर आली तरी एक बाई फिरकली न्हाई. धुरपदा रस्त्यानं गेली, पदर तोंडावर ओढून.

पोलिसांचं एक वेळ समजतं रे. त्या पदराचं लई लागलं.

तुझी,
अक्का


खुटबाव,
१४ जानेवारी

प्रिय अक्का,

सप्रेम जयभीम. तुझं पत्र मिळालं. संघर्षला कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिल्याचं मच्छिंद्रकडून समजलं. तुझ्या भावजयीने दोन दिवस नीट अन्न घेतलेलं नाही.

तू रागावशील, पण धाकटा भाऊ म्हणून स्पष्ट लिहितो. अर्ज माघारी घे. कायदा आपल्या बाजूचा असला तरी त्याची किल्ली सध्या कोणाच्या खिशात आहे ते बघावं लागतं. आपण वाकलो तर चार दिवस लोक बोलतील. पोराच्या नावावर चोरीचा डाग बसला तर त्याची कंपनीतली नोकरी गेली, लग्न राहिलं. माघारीची मुदत सत्तावीस तारखेपर्यंत आहे. तू सही केलीस की दुसऱ्या दिवशी संघर्ष घरी येईल, असं मला एका जाणत्या माणसाने खात्रीने सांगितलं आहे. कोण ते विचारू नकोस.

इकडे एक आनंदाची गोष्ट आहे, पण ती सांगायची ही वेळ नाही. तरी सांगतो. आपला सम्राट रेल्वेत लागला. फक्त पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी बाकी आहे. तेवढा कागद आला की झालं.

रागात काही करू नकोस. तुझी साखरेची गोळी वेळेवर घेत जा.

तुझा,
पोपट


इनामगाव,
१७ जानेवारी

पोपट,

जयभीम. सम्राटची माझ्या वतीनं दोन्ही हातांनी बोटं मोडून दृष्ट काढ. तुझ्या पोरानं नाव काढलं. आई-आबा असते तर नाचले असते.

आता तुझ्या सल्ल्याचं. भाऊ म्हणून लिवलंस, भण म्हणून ऐकलं, आन् झालं. अर्ज मी काढणार न्हाई.

परवा मला ठाण्यात बोलावलं. निवडणुकीत शांतता भंग करशील म्हणून जबाब दे, म्हणले. सकाळी गेले ती दिस बुडायच्या टायमाला सोडली. विचारलं काय बी न्हाई, नुसतं बसवलं. पाणी मागितलं तर हवालदार म्हणला, "मागं नळ हाय." मागं गेले तर नळ गळतोय, आन् त्येच्या पाण्यानं भिंतीकडंची सगळी मोकळी जागा कशी काळीभोर भिजलेली! चांगले चार वाफे बसतील एवढी. म्हणलं, ह्येंच्याकडं एवढी माणसं, नळाला एक वायसर घालायला कुणी न्हाई. पर एक पोरगं आत टाकायला जीपभरून येत्यात.

फौजदार मग हळूच म्हणला, "मावशी, कशाला ह्या वयात? सत्तावीसला शिरूरला जा, सही करा, आम्ही बी बघू काय करता येतंय." म्हंजी बघ, चोरीचा तपास माझ्या सहीवर आडलाय! मी म्हणलं, "साहेब, पोरगा चोर असंल तर मी सही केल्यावर बी चोरच राहील की. आन् चोर नसंल तर आजच सोडा." त्यो मोबाईल बगत बसला.

भ्याले न्हाई असं न्हाई. घरी येऊन संघर्षचं धुवायचं शर्ट हातात घेतलं आन् लई रडले. कुणाला सांगू नको.

एक काम कर. राजश्री वकीलताईंनी जामिनाचा अर्ज टाकलाय. त्या म्हणत्यात, मंजूर झाला तर जामीनदार लागंल, ज्याच्या नावावर जमीन हाय असा. गावात विचारलं की लोकांना अचानक पाव्हणे येत्यात. तुझ्या नावावर खुटबावला रान हाय. उतारा काढून ठिव आन् निरोप धाडला की शिरूरला ये. मामा जामीन राहिला म्हणल्यावर पोराच्या अंगात बळ यील.

तुझी,
अक्का


खुटबाव,
१९ जानेवारी

प्रिय अक्का,

जयभीम. उताऱ्याचं बघतो. पण थंडीमुळे माझा गुडघा फार धरला आहे, एसटीची पायरी चढवत नाही. शिवाय इतक्या लांबचा जामीनदार कोर्ट घेईल की नाही, शंका वाटते.

खरं सांगू, जामिनाची वेळच येणार नाही. सत्तावीसच्या आत सगळं आपोआप मिटेल. तू फक्त शांत राहा, कोणाला उलट बोलू नकोस.

पोपट


इनामगाव,
२१ जानेवारी

पोपट,

काल हौशीराम आला व्हता. दादांच्या पुढं-मागं पिशवी घेऊन फिरणारा त्योच. माझ्या वट्यावर बसला, पाय लांब केले आन् म्हणला, "ताईबाई, आता कशाला ताणताय? तुमच्या पोपटमामांनी मकरसंक्रांतीच्या आधीच शब्द दिलाय. म्हणले, अक्का माघार घील, माझ्याकडं लागलं."

माझ्याकडं लागलं!

कुणाला विचारून दिलास रं शब्द? तुला कडंवर घेऊन मी नदी वलांडली, तुझं नाक माझ्या पदराला पुसलं, तवा तू एवढासा व्हतास. आता माझ्या नावाचा सौदा करण्याइतका मोठा झालास व्हय? चौदा तारखेच्या पत्रात 'जाणता माणूस' लिवलंस त्यो हौशीराम? अन् तुझ्या गुडघ्याचं कारण बी आता समजलं.

वकीलताई संघर्षला भेटून आल्या. त्येनं निरोप धाडलाय. "आईला सांगा, माझ्यासाठी अर्ज काढलास तर मी सुटून घरी येणार न्हाई, थेट कंपनीच्या खोलीवर जाईन." आत पडलेलं पोरगं असं बोलतंय, आन् बाहीर बसलेला मामा शब्द वाटतोय.

ह्या पत्राला उत्तर दिलंस तरी चालंल, न्हाई दिलंस तरी चालंल.

ताईबाई


खुटबाव,
२२ जानेवारी

अक्का,

खालची सही 'ताईबाई' अशी वाचली. आयुष्यात पहिल्यांदा तू मला तशी सही केलीस.

हो, मी शब्द दिला. हौशीराम दहा तारखेला माझ्या घरी आला होता, म्हणजे संघर्षला उचलायच्या आदल्या दिवशी. चहा प्याला, सम्राटचे पेढे खाल्ले आणि मग म्हणाला, "पडताळणीचा कागद पोलिसांच्या टेबलावर आहे ना? दादांचा एक फोन गेला तर 'वर्तन चांगलं' लिहितील, दुसरा गेला तर काय लिहितील ते तुम्ही ओळखा." त्यानंतर संघर्षचं कळलं. मला वाटलं, एका सहीत दोन्ही पोरं सुटतात. तुझी सही, पण मी हिशेब आपल्या दोघांच्या पोरांचा केला. सम्राटला यातलं काही ठाऊक नाही.

तू शूर आहेस अक्का, पहिल्यापासून. मी नव्हतो. मेलगाडीच्या डब्यात रात्रभर उभं राहून मी फक्त एवढंच शिकलो की वरून आलेलं पाकीट फोडायचं नसतं, पुढच्या पिशवीत टाकायचं. तू मात्र ते माझ्या तोंडावर फोडलंस. तुला जे योग्य वाटेल ते कर, पण मी तुझं वाईट चिंतलं असं म्हणू नकोस.

पोपट


इनामगाव,
२८ जानेवारी

पोपट,

जयभीम. सहा दिस लिवलं न्हाई, कारण वेळ न्हवता आन् राग व्हता. आता वेळ हाय.

तेवीसला सकाळी मी रानात एकटीच कांदा लावत व्हते. रोपं सुकून चाललेली, म्हणलं जेवढं व्हईल तेवढं करू. तर मागनं पावलं वाजली. बगते तर धुरपदा, आन् तिच्या मागं सगळी सावड. वळीनं वाफ्यात उतरल्या आन् लागल्या लावायला. थोड्या टायमानं धुरपदाच फुटली. "अक्के, माझा कांदा वाळला गं सगळा. लागणीनंतरचं आंबवणीचं पाणी द्यायला केबल न्हाई."

मी म्हणलं, "चोरीलाच गेलीया म्हणल्यावर कुठनं असंल?"

तर म्हणली, "कशाची चोरी! आमच्या गोठ्यात कडब्याखाली पडलीया."

तवा कळलं. मारुतराव आप्पांची सही कोऱ्या कागदावर घेतली. देत न्हाई म्हणले तर फौजदार म्हणला, मग तूच चोरांचा साथीदार. सही झाल्यावर ह्या शहाण्यांच्या ध्यानात आलं, की केबल चोरीला गेलीया आन् मोटार तर चालूय! कांदालागणीच्या दिसांत मोटार कुणी बंद ठिवतं व्हय? म्हणून आप्पांना केबल सोडवून लपवायला लावली. खोटं खरं करायला कांदा वाळवला बिचाऱ्यांचा. धुरपदाला माझ्या तोंडाकडं बगवत न्हवतं म्हणून त्या दिशी पदर वढला. मी येडी, काय काय समजून बसले.

सावडीत कुणी तरी म्हणलं, केबल पुरावा हाय, वकिलीणीला दाखवू. धुरपदा म्हणली, "तिला नंतर. ज्येनं लपवायला लावली त्येला आधी." गोठ्यातनं केबल वढली. लई लांब रे ती, नदीपासनं विहिरीपातूर जाती. भेंडोळं एकटीला उचलंना, मग मोकळी केली आन् एकीच्या खांद्यावरनं दुसरीच्या खांद्यावर घेत निघालो. रस्त्यानं लोक दुकानाबाहीर येऊन बगायचे. आप्पा सगळ्यांच्या मागं, टोपी हातात घेऊन.

ठाण्याच्या दारात फौजदार आडवा आला. "जमावबंदी लागू हाय! पाचाच्या वर दिसलात तर सगळ्यांना आत घालीन!" धुरपदा कवा मोठ्यानं बोलायची न्हाई, ती म्हणली, "जमाव न्हाई साहेब, सावड हाय. ही घ्या चोरीला गेलेली केबल, जमा करा. न्हाईतर मोटारीला जोडू द्या, कांदा वाळतोय." आता बगा पंचाईत! जमा करावी तर कागदावर येती, न करावी तर आमच्या खांद्यावर सगळ्या गावाला दिसती. त्यो घेईना. मग आमी बी हललो न्हाई. एका पोरीनं व्हिडिओ काढला. शेवटी केबल टेम्पोत टाकली आन् दुसऱ्या दिशी शिरूरला कोर्टात.

तिथं आप्पांनी सगळं सांगितलं. जामीन मंजूर झाला. जज म्हणले, जामीनदार कोण? वकीलताईंनी माझ्याकडं बगितलं. मी दाराकडं बगितलं. खोटं कशाला बोलू पोपट, मला वाटलं तू यशील.

आप्पा पुढं झाले. "मी राहतो साहेब." जजनी चष्मा काढला. "अहो, तुम्ही फिर्यादी आहात. आरोपीला तुम्हीच जामीन राहणार?" आप्पा म्हणले, "व्हय साहेब. माझं काय बी चोरीला गेलं न्हाई. ह्या बाईचं पोरगं गेलं व्हतं, ते परत द्या." समद्या कोर्टात हसू फुटलं आन् मला रडू.

संघर्ष घरी हाय. बारीक झालाय. पायाच्या तळव्यांवर वळ हायेत, दाखवत न्हाई, पर मोजं काढताना मी बगितलं. ते मी इसरणार न्हाई.

काल सत्तावीस. हौशीराम तहसीलच्या वट्यावर माघारीचा कागद लिवून, पेन उघडून उभा. मी त्येच्या समोरच्या बाकावर बसले आन् मुदत सरंपातूर शेंगा फोडून खाल्ल्या. त्येला बी दिल्या मूठभर. मग निशाणी मिळाली, शिट्टी. आता दादांच्या बंदोबस्तातल्या हवालदारांच्या तोंडात बी माझीच निशाणी!

एवढं झालं. ज्येची केबल 'चोरीला' गेली त्येनं माझ्या लेकाचा जामीन घेतला, आन् सख्खा मामा खुटबावात गुडघा चोळत बसला. मी रागावले न्हाई असं समजू नको. रागावलेच हाय.

अक्का


खुटबाव,
३१ जानेवारी

प्रिय अक्का,

जयभीम. खाली 'अक्का' लिहिलंस, तेवढ्यावर मला उठता आलं.

तुझं पत्र मी सम्राटच्या हातात दिलं, आधीची सगळीही दिली. त्याने ती सगळी वाचली. मग म्हणाला, "बाबा, संघर्षदादा आत असताना मला चांगल्या वर्तनाचा दाखला मिळाला असता, तर तो मी कोणत्या तोंडाने दाखवला असता?" पोरासाठी म्हणून मी जे केलं ते पोराला विचारलंच नव्हतं, जसं तुला विचारलं नव्हतं.

काल आम्ही बापलेक यवतला गेलो. हौशीराम नेहमीच्या हॉटेलात चार माणसांत बसला होता. मी सर्वांसमोर म्हणालो, "माझ्या बहिणीचा शब्द माझ्या खिशात कधीच नव्हता. तो मी तुम्हाला दिला, ते चुकलं. परत घ्यायला आलोय." तो म्हणाला, "पोराच्या कागदाचं काय?" सम्राट म्हणाला, "तुमच्याच तोंडून ऐकायचं होतं. आता लेखी तक्रार देतो, साक्षीला हे हॉटेल आहे." हौशीरामचा चहा तसाच राहिला.

कागद अजून आलेला नाही. कदाचित अडवतील. अडवला तर राजश्रीताईंकडे जाऊ.

गुडघा खरंच दुखतो अक्का, ते खोटं नव्हतं. पण एसटीची पायरी चढता येते. मी येऊ का?

तुझा,
पोपट


इनामगाव,
२ फेब्रुवारी

पोपट,

जयभीम. विचारतोस काय, ये.

आज परत नोटीस आली. माझ्या नावानं आन् धुरपदाच्या बी नावानं. मतदानाच्या आदल्या दिशी सकाळपासनं ठाण्यात हजर राहा, शांतता भंग व्हायचा संभव हाय. म्हंजी शेवटच्या दिशी उमेदवारीण दिसभर बाकावर आन् दादांच्या गाड्या गावभर मोकळ्या. संघर्ष चिडला व्हता, कोर्टात जाऊ म्हणला. वकीलताई अर्ज देणारच हायेत. पर मी म्हणलं, बोलावलंय तर जाऊ की. दोघींना बोलावलंय, सगळी सावड जाईल. पाळी एकीची असली तरी रानात समद्याच उतरत्यात.

आन् रिकाम्या हातानं दिसभर बसणाऱ्या बायका आमी न्हाई. धुरपदाचा वाळलेला कांदा परत लावायचाय, त्येची रोपं उरलीत. ठाण्यामागं नळाची ती भिजलेली जागा हाय ना, मी बसले व्हते तवाच बगून ठिवलीया, तिथंच लावू. साहेब विचारतील काय चाललंय, तर सांगू, शांतता भंग न करता बसलोय.

निवडून यीन का पडंन ते मतमोजणीला कळंल. दादांकडं पैसा हाय, गाड्या हायेत, फौजदार हाय. पर मोजायला माझं नाव मशीनवर हाय, ते त्येंना खोडता आलं न्हाई.

तू आदल्या सांजेला मुक्कामाला ये. सम्राटला बी आण, संघर्ष वाट बगतोय. सकाळी तुझी भाकर तू बांधून घे. लावायच्या रांगेत माझ्या शेजारी राहा, मधीच पाठ दुखली तर सांग, कुणी हसणार न्हाई.

खुरपं तेवढं घरी ठिव, हत्यार म्हणून कलम लावतील. कांदा बोटानं बी लावता येतो.

तुझी,
अक्का